हात वर न करणारा ट्रॅक्टर

माझ्या बुद्धीबद्दल मी स्वतः बोलू नये हे मला कळतं. पण दुसरं कुणी बोलत नाही, म्हणून बोलावं लागतं. मी सूर्यभान. काष्टीच्या बाजारतळाला लागून माझं दुकान आहे. येताना पाटीवर 'घड्याळे दुरुस्त होतील' असं दिसतं आणि जाताना मागं वळून पाहिलं तर त्याच पाटीच्या दुसऱ्या अंगाला 'गुन्हे उघडकीस आणले जातील' असं वाचायला मिळतं. आपले लोक मागं वळून पाहत नाहीत, त्याला मी काय करणार.

घड्याळजीचं भिंग माझ्या उजव्या डोळ्यात बावीस वर्षं बसलेलं आहे. त्याच्याखालून मुंगीएवढी गोष्टही सुटत नाही. हाताचं म्हणाल तर, मी उघडलेलं घड्याळ पुन्हा बंद केलं की एखादा स्क्रू हमखास उरतो. कारखानदार जादा स्क्रू घालतात हे मी फार पूर्वी ताडलं. असे स्क्रू मी तपकिरीच्या डबीत साठवतो. सध्या दुसरी डबी चालू आहे. भजनी मंडळाच्या हरवलेल्या टाळांचं प्रकरण मी तीन आठवड्यांत सोडवलं. टाळ ज्याच्या गळ्यात होते त्याला ते आपणहून सापडले हे खरं, पण माझा तपास चालू असताना सापडले.

माझा सहायक छगन. तो माझा मेहुणा आहे. सायकल त्याची आहे आणि पायडलही तोच मारतो. मागं बसून विचार करण्याचं काम माझ्याकडे असतं. पूर्वी तो विहिरींवरची तेलाची इंजिनं दुरुस्त करायचा, पण त्यात डोकं लागत नाही म्हणून मी त्याला माझ्याकडे घेतलं.

एकाहत्तर सालची गोष्ट. भादवी पोळा होऊन चार दिवस झाले होते आणि घरोघरी घट बसले होते. कालव्याकडेच्या वस्तीवरून आबासाहेबांचा निरोप आला की भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय, येऊन बघून जा. छगननं हत्यारांची पिशवी उचलली. मी त्याला समजावलं की आठ एकर लिंबोणीचा धनी नुसत्या घड्याळासाठी माणूस पाठवत नसतो. मोठी माणसं खरं कारण निरोप्याजवळ बोलत नाहीत.

"मग कशासाठी बोलीवलंय, दाजी?" छगननं विचारलं.

ते तिथं गेल्यावर कळेल, असं मी सांगितलं. तपासात उतावीळपणा करून चालत नाही.

आणि माझा तर्क बरोबर निघाला. वस्तीवर घड्याळाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आबासाहेब गोठ्यापुढं कमरेवर हात ठेवून एका ट्रॅक्टरकडे बघत उभे होते, आणि त्यांचा चेहरा पाहून घड्याळाचा विषय काढायची छगनचीही छाती झाली नाही.

हा ट्रॅक्टर आबासाहेबांनी त्याच उन्हाळ्यात आणला होता. घरची बैलजोडी घोडेगावच्या बाजारात विकली आणि परदेशी बनावटीचा हा जुना, छोटा ट्रॅक्टर घेतला. लिंबोणीच्या दोन ओळींतून मोठा ट्रॅक्टर जात नाही, हा जायचा. त्याचं एकूण रूप बघून लोक त्याला 'खोंड' म्हणू लागले होते. त्याला मागच्या बाजूला दोन लोखंडी हात होते. त्या हातांना औत जोडायचं, सीटजवळचा दांडा ओढायचा, की पोटातल्या तेलाच्या जोरावर ते हात औत उचलून धरायचे. यालाच लिफ्ट म्हणतात, असं आबासाहेबांनी सांगितलं. मला ते आधीच माहीत असावं असा चेहरा मी केला.

तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून खोंडानं हात उचलायचं बंद केलं होतं. इंजिन चालू व्हायचं, चाकं फिरायची. पण दांडा ओढला की हात बोटभर उठायचे, पोटातून 'कुंईं' असा रडका आवाज यायचा आणि हात परत खाली. नगरचा फिटर आठ दिवसांशिवाय येत नव्हता.

एवढंच असतं तर मी हसत हसत हे प्रकरण हातात घेतलं असतं. पण गोठ्याच्या दाराशी सहादेव बसला होता, आणि त्याच्या शेजारी घोंगडीत बांधलेलं गाठोडं होतं.

सहादेव हा वस्तीवरचा सालगडी. बावीस वर्षांपूर्वी पाथर्डीकडून आला तो इथलाच झाला. आबासाहेबांना तेव्हा नुकतंच मिसरूड फुटलं होतं. नांगर धरायला त्यांना त्यानंच शिकवलं. बैल मात्र खऱ्या अर्थानं त्याचे होते. ते विकले तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता, हे साऱ्या शिवाराला ठाऊक होतं. पोळ्याच्या दिवशी आबासाहेब नगरला गेले होते, घरातली माणसं मिरवणूक बघायला गावात गेली होती आणि वस्तीवर सहादेव एकटा होता. दुसऱ्या दिवशी बघतात तर ट्रॅक्टर बिघडलेला. ट्रॅक्टरला हात लावलास का, असं आबासाहेबांनी विचारलं. लावला, असं सहादेव म्हणाला. मग बिघडवलास कशाला, असं विचारलं तेव्हा त्यानं मान फिरवली आणि तेव्हापासून तो मालकाशी बोललेला नव्हता.

आबासाहेबांनीही निकाल देऊन टाकला होता. शनिवारच्या बाजाराला पाथर्डीकडच्या गाड्या येतात, त्यातल्या एकीत बसून सहादेवनं जायचं. आता सालगड्याचं साल पाडव्याला संपतं. पाडव्याला गडी बदलला तर कुणी काही म्हणत नाही. पण मध्येच काढलेल्या गड्याला दुसरा मालक दारात उभं करत नाही. काहीतरी लबाडी केली असणार, असंच धरून चालतात. साठीच्या माणसाला एवढं ओझं डोक्यावर घेऊन जायचं होतं, आणि त्या दिवशी गुरुवार उजाडला होता.

"आबासाहेब," मी म्हणालो, "शनिवारच्या आत गुन्हेगार तुमच्यासमोर उभा करतो."

"गुन्हेगार बसलाय तिथं," आबासाहेब म्हणाले. "तुमी घड्याळ बगा."

मी घड्याळाकडे गेलो नाही. भिंग डोळ्याला लावून ट्रॅक्टरभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. तिसऱ्या प्रदक्षिणेत मला त्या लोखंडी हातांवर लालभडक डाग दिसले. मी छगनला जवळ बोलावून कानात सांगितलं की रक्त आहे.

"हिंगूळ हाय, दाजी. पोळ्याचा," छगन म्हणाला. बैलाच्या शिंगांना लावतात तो लाल रंग. मी नखानं खरवडून पाहिला, हिंगूळच होता. म्हणजे पोळ्याच्या दिवशी हिंगुळानं माखलेले हात या यंत्रापर्यंत पोहोचले होते. आता फक्त लाल हातांचा माणूस शोधायचा होता. तपास इतका सोपा झाल्याचं मला थोडं वाईटच वाटलं.

पहिला संशय मी शेजारच्या रंगनाथवर घेतला. रंगनाथकडे दोन बैलजोड्या होत्या आणि लोकांची औतं तो बैलांनी हाकून द्यायचा. खोंड आल्यापासून आबासाहेबांच्या बागेतलं त्याचं काम सुटलं होतं. गुन्ह्याला कारण यापेक्षा चांगलं मिळत नाही. आम्ही गेलो तेव्हा तो ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. मी काही न बोलता त्याचं मनगट पकडलं आणि तळवा उलटा केला. लाल. मी विजयी मुद्रेनं छगनकडे पाहिलं, तर छगन आपले दोन्ही तळवे पुढं करून उभा. तेही लाल. रंगनाथनं शांतपणे सांगितलं की आठ दिवस धुतल्याशिवाय हिंगूळ जात नसतो आणि गावात ज्याच्या दारात बैल आहे त्याचे हात सध्या असेच आहेत. मग मी स्वतःची नखं पाहिली. सासऱ्याच्या बैलांची शिंगं मीच रंगवली होती. काही वेळ मी स्वतःवरही संशय ठेवला, पण त्या दुपारी मी दुकानात झोपलो होतो हे मला पक्कं आठवत होतं.

एवढ्या लोकांचे हात रंगलेले म्हणजे कट मोठा होता, एवढं मात्र सिद्ध झालं. सगळ्यांसमक्ष उलगडा करायचा म्हणून मी रंगनाथलाही बरोबर घेतलं. तो शेंगा खिशात भरून निघाला.

परत येऊन मी यंत्राचं पोट तपासायला घेतलं. सीटच्या मागं पेल्याच्या तोंडाएवढं एक झाकण होतं. त्यातून तेल ओततात आणि झाकणाला लावलेल्या पट्टीवर तेल किती आहे ते दिसतं. झाकणाभोवती मुंग्यांची रांग लागली होती. पुराव्यात अडथळा नको म्हणून मी त्या फुंकून टाकल्या. पट्टी बाहेर काढली, तर तेल खुणेच्या बोटभर वर. माझी समजूत होती की कुणीतरी तेल चोरलं असेल. इथं उलटंच झालं होतं. चोर काहीतरी ठेवून गेला होता. असा चोर माझ्या आयुष्यात प्रथमच येत होता, आणि मला त्याच्याबद्दल आदर वाटू लागला.

"दाजी, तेलाला गोड वास येतोय," छगन म्हणाला.

मी त्याला सांगितलं की परदेशी ट्रॅक्टरचं तेल गोडच असतं. तिकडं हवा थंड असते. यंत्र परदेशी, तेव्हा कटही परदेशी असणार, असा माझा दुसरा सिद्धांत तयार झाला. सरहद्दीवरचं वातावरण तापलेलं होतं. काष्टीची लिंबं बंद पाडली तर देश किती दिवस टिकेल, याचा विचार शत्रूनं नक्कीच केला असणार. छगनला आणखी काही बोलायचं होतं. पोटात जाळी असते, इंजिनाला पण असते, असं काहीतरी तो सुरू करत होता. पण सहायकानं मध्ये बोललं की तर्काची साखळी तुटते. मी त्याला गप्प बसवून नट काढून यंत्राच्या कडेची एक लोखंडी पट्टी उघडली, आत भिंग लावून पाहिलं, काळोख दिसला, आणि पट्टी परत बसवली.

मग सहादेवची जबानी घेतली. गडी बोलत नाही असं सगळे म्हणत होते. माझ्याशी मात्र तो बोलला.

"पोळ्याच्या दिवशी दुपारी कुठं होता?"

"गोठ्यात."

"गोठ्यात कोण होतं?"

"ह्यो," असं म्हणून त्यानं ट्रॅक्टरकडे हनुवटी केली.

"तिथं काय करत होता?"

"पोळा."

सणावारात गुंतलेल्या माणसाला गुन्हा करायला वेळ कुठून मिळणार? ही सहादेवच्या बाजूची भक्कम साक्ष म्हणून मी वहीत लिहून घेतली. पण ट्रॅक्टर बिघडवला नाही असं एकदा मोठ्यानं सांगून टाक, असं म्हटल्यावर त्यानं गाठोड्याची गाठ आवळली. बावीस वर्षांनंतर जर हे तोंडानं सांगावं लागत असेल तर सांगण्यात अर्थ नाही, असं काहीसं तो पुटपुटला.

दुपारी चारच्या सुमारास मी सगळ्यांना लिंबाच्या झाडाखाली जमवलं. लिंब म्हणजे कडुलिंब. लिंबोणी काटेरी असते, तिच्याखाली उलगडा करता येत नाही. आबासाहेब बाजेवर बसले, रंगनाथ खिशातल्या शेंगा खात उभा राहिला, सहादेव गाठोड्याला टेकून बसला. मी हात मागं बांधून येरझाऱ्या घालायला लागलो. गुन्हेगार त्या दुपारी गोठ्यात होता, मी सांगितलं. त्याच्या हाताला हिंगूळ होता. त्यानं यंत्रातून काही नेलं नाही, उलट आत काहीतरी घातलं. आणि बैलजोडी विकली गेल्यामुळे त्याच्या काळजाला घरं पडली होती.

हे सगळं मी परदेशी हेराला उद्देशून बोलत होतो. शेवटचं वाक्य मात्र ओघात आलं, आणि आल्यावर माझ्या लक्षात आलं की सगळे सहादेवकडे बघतायत. खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं नाही. मी घाईघाईनं हेराकडे वळायला बघितलं, पण आबासाहेब उठले होते.

"ऐकलंस न्हवं, सहादेव?" ते म्हणाले. "मी म्हनत न्हवतो, ह्यो माणूस म्हनतोय. बैलं विकली त्याचा डूख धरलास तू."

सहादेवनं गाठोडं उचललं. शनिवारची गाडी नको, चालत जातो, एवढंच तो म्हणाला.

त्याच वेळी आबासाहेबांच्या मंडळी, मालनबाई, चहाचा ट्रे घेऊन घरातून येत होत्या. नवरात्रात त्या नऊ दिवस अनवाणी चालायच्या. ट्रॅक्टरला वळसा घालून येताना त्यांनी एकदम पाय झटकला, मग दुसरा झटकला, आणि चहा सांडू न देता खाली बघितलं.

"ह्या मुंग्या कशाच्या इथं?" त्या म्हणाल्या.

पुराव्यातला अडथळा म्हणून मी त्या मघाशीच दूर केल्याचं मी सांगितलं. मालनबाईंनी माझ्या हातात ट्रे दिला आणि त्या मुंग्यांच्या रांगेमागं निघाल्या. रांग चाकावरून वर, तिथून सीटच्या मागं, झाकणापाशी. मालनबाईंनी झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. मग त्या सहादेवकडे वळल्या.

"सहादेवमामा," त्या हळूच म्हणाल्या, "पोळ्याला मी तुमच्या हातात नैवेद्याचं ताट दिलं हुतं. दर सालासारखं, हाताच्या सवयीनं. बैलं न्हाईत हे दिल्यावर ध्यानात आलं. ताट तर मोकळं आलं. पुरणपोळ्या कुनाला घातल्या?"

"ज्याच्या हुत्या त्याला," सहादेव म्हणाला.

रंगनाथच्या तोंडातली शेंग तशीच राहिली.

सहादेव गाठोडं खाली ठेवून बोलायला लागला. पोळ्याला गोठा मोकळा राहू नये, म्हणून त्यानं खोंडाला धुतलं, त्याच्या हातांना शिंगांसारखा हिंगूळ लावला, ओवाळलं. मग नैवेद्य भरवायला गेला तर तोंड सापडेना. पुढं जाळी होती, पोळी आत जाईना. शोधता शोधता मागचं झाकण दिसलं. मालक तिथून त्याला तेल पाजतात हे त्यानं पाहिलेलं होतं. तेल पितो तिथून पोळीही खाईल, असं त्यानं धरलं आणि दोन्ही पोळ्या तुपात कुस्करून, घास घास करून आत सोडल्या.

"आरं, पन मला सांगायचंस की," आबासाहेब म्हणाले.

"तुमी बिघडवलास का म्हनून इचारलं," सहादेव म्हणाला. "जेवू घातलंस का म्हनून न्हाई इचारलं. बैलं गेली त्याचा राग त्याच्यावर काढू व्हय? त्यानं काय केलंय? दारात कामाला आलंय, सनाच्या दिवशी त्याला उपाशी ठिवायचं का?"

मालनबाईंनी डोळ्याला पदर लावला. मी ट्रे धरून उभा होतो म्हणून मला काही लावता आलं नाही.

त्यानंतरचं काम छगननं केलं, पण माझ्या देखरेखीखाली. त्यानं ट्रॅक्टरच्या पोटाखाली घमेलं ठेवून तेल काढलं आणि हात घालून एक गोल जाळी बाहेर ओढली. तेल लिफ्टकडे जाण्याआधी या जाळीतून गाळलं जातं. जाळीला चारी बाजूंनी पुरणाचा पिवळा, घट्ट लेप बसला होता; लिफ्टला तेल मिळतच नव्हतं, नुसती हवा ओढून ती रडत होती. खालून आणखी ओंजळभर गाळ निघाला. जाळी रॉकेलनं धुतली, तेल जुन्या धोतराच्या चौघडीतून गाळून परत ओतलं. गाळताना मालनबाईंनी एकदा ओठ चावला. चार दिवसांपूर्वी त्यांनी पुरण याहून बारीक वाटलं होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

इंजिन सुरू झालं. आबासाहेबांनी दांडा ओढला. दोन्ही लाल हात औत घेऊन न कुरकुरता वर उठले आणि वरच राहिले. आबासाहेब खाली उतरले, सहादेवसमोर उभे राहिले. मग पाणी आणायच्या निमित्तानं घरात गेले. सहादेव गाठोड्याजवळच बसून होता. ते त्यानं उचललंही नाही आणि सोडलंही नाही.

आम्ही निघालो. कालव्याच्या पुलापर्यंत मी छगनला या प्रकरणातल्या माझ्या तर्कपद्धतीचा आढावा देत होतो. आत काहीतरी घातलंय, हे मी सर्वांआधी सांगितलं होतं, हे त्यालाही मान्य करावं लागलं. तपकीर काढायला मी खिशात हात घातला, तर हाताला एक नट लागला. घड्याळात मावेल असा तो नव्हता.

छगननं पायडल थांबवलं, नट बघितला, माझ्याकडे बघितलं आणि सायकल वळवली.

परत पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता. ट्रॅक्टर गोठ्यात बैलांच्या जागी उभा होता. मागच्या झाकणाला कडी ठोकून कुलूप घातलेलं होतं, आणि किल्ली मालनबाईंच्या कमरेला दिसत होती. सहादेव ट्रॅक्टरच्या मागं उकिडवा बसून लिफ्टचे हात जिथून फुटतात तिथं हळद आणि तूप चोळत होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे असेच मळतात. खोंडाची खांदेमळणी राहून गेली होती. गाठोडं सुटलं होतं. घोंगडी खुंटीवर गेली होती, आणि तिच्यात बांधलेली विकलेल्या बैलांची घुंगुरमाळ ट्रॅक्टरच्या नाकावर आली होती.

आबासाहेब हळद-तुपाची वाटी धरून शेजारी उभे होते.

"ह्या अंगाला आनकी लावा, मामा," ते म्हणाले.

सहादेवनं वाटीत बोटं बुडवली. "धरा नीट," तो म्हणाला, "सांडंल."

पोरवयात नांगर धरायला शिकवताना तो असाच बोलत असणार. आबासाहेबांनी वाटी दोन्ही हातांनी धरली. मी नट पुढं केला. सहादेवनं तो घेतला, ज्या पट्टीचा होता तिथं न विचारता बसवला आणि आवळला. माझ्या हातून तो राहिलाय हे त्यानं मघाशीच पाहिलं होतं, पण पाहुण्याला कसं बोलायचं म्हणून गप्प बसला होता.

घड्याळाची आठवण तेव्हाही कुणाला झाली नाही. ते अजून बंदच आहे. दुकानी येऊन मी वही उघडली आणि या प्रकरणाखाली लिहून ठेवलं: गुन्हेगार सापडला, गुन्हा सापडला नाही.